जुनी डिस्क जमा

१

प्रांजलला शोधत माधवनगरात एक माणूस येऊन गेला, ही बातमी संयोगिताताईंनी उभ्याउभ्याच सांगितली. स्वप्नाने खुर्ची पुढे केली, चहा ठेवला. पण ताईंचं कशातच लक्ष नव्हतं.

संयोगिताताई साताऱ्यात 'दिवली' नावाचं महिला सल्ला केंद्र चालवत. घरात मार खाऊन बाहेर पडलेल्या बायका तिथं येत. ज्यांच्या जिवाला धोका, त्यांना ताई दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावानं खोली बघून देत. प्रांजल त्यांतलीच एक. नवरा उदयसिंह चांगल्या बागायती घरातला, गावात वजन असलेला, आणि हाताचा वाईट. सांगलीच्या बाजूला माधवनगरात ती 'रेखा' म्हणून राहायची, शिलाईच्या कारखान्यात जायची. पत्ता सासरी सोडाच, तिच्या माहेरीही ठाऊक नव्हता.

"पण प्रांजल तिथं भेटली नाही त्याला," ताई म्हणाल्या. "जुलैमध्येच तिला मी सांगलीत दुसरीकडं हलवलं, कारखान्याला जवळ पडतं म्हणून. निव्वळ नशीब! पण स्वप्ना, पत्ता फुटला कसा? आमच्याकडं एक्केचाळीस बायकांचे पत्ते आहेत. पोलिसांत मी जाणारच आहे. पण गळती कुठं आहे तेच कळलं नाही, तर कुणाला कुठं हलवू? उद्या हलवलेलीचा पत्ताही परवा फुटेल."

स्वप्ना बनसोडे आयटीआयमध्ये संगणक शिकवायची. दोन वर्षांपूर्वी 'दिवली'च्या बायकांना तिनं आठवडाभर संगणक शिकवला होता, तेव्हापासूनची ओळख. ती बोलायला लागण्याआधी बराच वेळ गप्प राहायची; विद्यार्थी त्याला घाबरत.

"ताई, तो जुन्या खोलीवर का गेला?" तिनं शेवटी विचारलं.

"म्हणजे?"

"तुमच्या ऑफिसातल्या कुणी फोडलं असतं तर नवा पत्ता दिला असता. आत्ताच्या संगणकातून घेतला असता तरी नवाच मिळाला असता. ह्या माणसाची माहिती जुलैच्या आधीची आहे. जुलैच्या आधी बंद पडलेली अशी कुठली वही, कुठली फाईल आहे तुमच्याकडं?"

ताई आत्ता खुर्चीत बसल्या.

"लॅपटॉप. जुना. जूनमध्ये नवा संगणक आला, आणि ऑगस्टमध्ये जुना आम्ही ऑनलाइन विकला. पण त्यातलं सगळं डिलीट केलं होतं गं. रिसायकल बिन रिकामी केली, वर फॉरमॅट मारून घेतला." त्यांनी पर्समधून घडी पडलेला एक कागद काढला. "तूच लिहून दिलं होतंस. हे बघ, अगदी ह्याच क्रमानं केलं."

कागदावरचं अक्षर स्वप्नाचं होतं.

२

"सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून जमीन हलत नाही, ताई," स्वप्ना म्हणाली. हे सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. "बांध, विहीर, उभा ऊस, सगळं जागच्या जागी असतं. डिलीट म्हणजे तेवढंच. साधा फॉरमॅट म्हणजेही जवळपास तेवढंच. नवा मालक येऊन सगळ्या रानावर नांगर फिरवत नाही, तोवर जुनं पीक काढता येतं. नांगर कसा फिरवायचा ते मी शिकवायला हवं होतं. तेव्हा मला वाटलं, नवशिक्या बायकांना एवढं पुरे."

लॅपटॉप विकण्याचं काम ताईंचा पुतण्या ऋषिराज याच्याकडे होतं. पस्तिशीचा, पतपेढीत कारकून. दोघी त्याच्या घरी गेल्या, तर पहिल्याच प्रश्नाला तो भडकला.

"म्हणजे मी फोडलं असं म्हणणं आहे? काकू, तुमचं काम म्हणून केलं मी. पोवई नाक्याजवळ अमृतचं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं फॉरमॅट मारून घेतला. जाहिरात टाकली. चार दिवसांत गिऱ्हाईक आलं. कराडच्या स्टँडवर लॅपटॉप त्याच्या हातात दिला. संपलं!"

"घेणारा कुठला?" स्वप्नाने विचारलं.

"कुणाल नाव. लग्नपत्रिका, बॅनर करतो." ऋषिराज अडखळला. "माधवनगरचा आहे."

ताईंनी स्वप्नाकडे पाहिलं. स्वप्नाने मात्र कागदावर फक्त नाव टिपलं.

"आणखी कुणाचे फोन आले होते जाहिरात बघून?"

"एकाचा. वयस्कर होता. गिऱ्हाईक म्हणजे किंमत विचारतं, बॅटरी किती चालते विचारतं. ह्यानं त्यातलं काहीच नाही. डिस्कचंच काहीतरी विचारत बसला. मला त्यातलं कळत नाही. मी म्हटलं, दुकानदाराला विचारून सांगतो. तर म्हणे, 'ठीक आहे, कल नौ बजे फोन करतो.' आणि दुसऱ्या दिवशी नवाच्या ठोक्याला घंटी! तोवर कुणालनं पैसे पाठवले होते. मी सांगितलं, विकला. ठेवून दिला त्यानं फोन."

"लॅपटॉपवर केंद्राचं नाव होतं कुठं?"

"स्टिकर होता झाकणावर, तो मी खरवडून काढला." मग जरा खालच्या आवाजात, "फोटो काढले तेव्हा अर्धा निघाला होता."

३

कुणालचं दुकान माधवनगरच्या जुन्या गिरणीकडं जाणाऱ्या रस्त्याला होतं. आत शाईचा वास, भिंतीवर वाढदिवसाच्या बॅनरवरचे गॉगलवाले चेहरे. स्वप्नाने लॅपटॉपबद्दल विचारल्यावर तो तोंडभर हसला.

"लय भारी मशीन निघालं बघा, मॅडम. जुनं म्हणून घेतलं, पण बटण दाबलं की चालू!"

त्याने दाबलं. दहा-बारा सेकंदांत पडदा उजळला. पंख्याची बारीक घरघर सोडली तर आवाज नाही.

ताई पुढे वाकल्या. "हा आमचा नाहीच. आमचा चालू व्हायला चहा पिऊन होत होता. शिवाय आतून कुरकुर कुरकुर चालायचं."

"आमचाच आहे ताई, झाकणावर स्टिकरची खूण आहे," स्वप्ना म्हणाली. "पोट बदललंय."

कुणालच्या परवानगीनं तिनं चार स्क्रू काढले. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी आत नवी कोरी एसएसडी होती. फिरणारा भाग नाही, म्हणून आवाज नाही.

"मग? जाहिरातीत तसंच लिहिलं होतं की," कुणालला त्यात नवल वाटत नव्हतं. त्याने मोबाईलमध्ये जपून ठेवलेले जाहिरातीचे फोटो दाखवले. लॅपटॉप तीन बाजूंनी, अर्धवट खरवडलेल्या स्टिकरवरची दिव्याची ज्योत, आणि शेवटी वॉरंटी दाखवायला लावलेलं दुकानाचं बिल. अमृतच्या दुकानाचं नाव, पत्ता, नव्या एसएसडीचा नंबर. खाली निळ्या शाईत एक ओळ: 'जुनी डिस्क दुकानात जमा.'

म्हणजे कुणालच्या हातात ताईंच्या बायकांचं एक अक्षरही कधी आलं नव्हतं. ऋषिराजनं चांगली किंमत यावी म्हणून डिस्क बदलली, आणि काकू खर्चावरून बोलतील म्हणून सांगितलं नसणार. पण ही बिलाची ओळ जाहिरातीतून जगाला दिसत होती. जो फक्त डिस्कची चौकशी करत होता, त्यालाही.

तिथून बयाबाईंची गल्ली जवळच होती. प्रांजलची जुनी घरमालकीण अंगणात मिरच्या निवडत बसली होती.

"आवं, म्या काय सांगितलं न्हाई त्येला," त्या आधीच म्हणाल्या. "रेखा कुटं गेली ते मलाबी ठावं न्हाई, तर सांगणार काय? मानूस वाईट वाटला न्हाई बगा. उंच, ताठ. बूट अशे चकाकत हुते, त्ये उंबऱ्याभायेर जोडीनं लावून ठिवले. बस म्हनलं तर बसला न्हाई."

"काय विचारलं त्यानं? जसं विचारलं तसंच सांगा."

बयाबाईंनी मिरच्या खाली ठेवल्या. "पयल्यांदा म्हनला, 'चिमी बरी हाय का?' मला वाटलं मांजर हरवलंय ह्येचं. म्हनलं, हितं न्हाई कुनाचं मांजर! मग म्हनला, रेखा. बरी हाय का, कामाला जाती का. कुटं गेली, त्ये त्यानं सगळ्यात शेवटी विचारलं."

"चिमी?" ताईंनी मान हलवली. "असं नाव आमच्या कुठल्याच कागदात नाही."

४

प्रांजल कारखान्यातून दुपारच्या सुट्टीत भेटली. पंचविशीची, सावध, बोलताना दाराकडं पाठ होणार नाही अशी बसायची. स्वप्नाने काही न लपवता सगळं सांगितलं: लॅपटॉप, डिस्क, स्वतःचा तो कागद, माधवनगरात आलेला माणूस. नवऱ्यानं कुणाला पाठवलं असेल, या विचारानं तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"त्यानं 'चिमी बरी आहे का' असं विचारलं," स्वप्ना म्हणाली.

प्रांजलने डबा बंद केला. झाकण नीट बसेना, तरी दाबत राहिली.

"उदयसिंहला हे नाव माहीतच नाही. आजी म्हणायची, ती गेली. आता एकच माणूस म्हणतं." तिनं डबा बाजूला सारला. "माझे वडील."

नाथाजी, उंब्रजचे. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सातारा जिल्ह्यात दगड भिरकावला तर फौजीच्याच अंगणात पडतो; पण नाथाजी सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशयंत्रणेत होते, यंत्रांत आयुष्य गेलेलं. 'नौ बजे' म्हणून नवाच्या ठोक्याला फोन करणारा, चकाकत्या बुटांचा, लॅपटॉप न मागता डिस्क मागणारा माणूस. सगळं एका जागी येऊन बसलं.

"ते दोनदा केंद्रात आले होते," ताईंना आठवलं. "मुलगी कुठं आहे विचारायला. मी सांगितलं नाही. काही न बोलता गेले."

"बरं केलंत," प्रांजल म्हणाली. "ते आणि तो एकच. मी माहेरी आले की ते मला परत नेऊन घालायचे. पत्ता त्यांना कळला म्हणजे त्याला कळला."

स्वप्नाने बाहेर येऊन अमृतला फोन लावला. तो आधी म्हणाला, डिस्क भंगारात गेली. स्वप्नाने बिलाची ओळ वाचून दाखवली, तेव्हा आवाज उतरला.

"आवं मॅडम, जुन्या डिस्कचं खोकंच हाय दुकानात. एक फौजी काका आले, बिलावरचा नंबर सांगून म्हनले, त्या लॅपटॉपातली द्या. दिली. त्यात काय असनार, फॉरमॅटच मारलेली व्हती की!"

५

उंब्रजला पोचल्या तेव्हा चार वाजले होते. नाथाजींच्या घराच्या वळणावर ताईंनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवरचा हात काढलाच नाही. अंगणात पांढरी जीप उभी होती.

"उदयसिंहची," त्या पुटपुटल्या. "प्रांजलच्या केसच्या तारखेला कोर्टाबाहेर बघितली आहे. मला तो ओळखतो."

"मला ओळखत नाही," स्वप्ना म्हणाली आणि लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून उतरली.

पडवीत दोघंजण होते. खुर्चीत रेलून चहा पिणारा तरुण, आणि त्याच्यासमोर उभा ताठ म्हातारा. मागं टेबलावर संगणक, त्याला वायरीनं जोडलेली एक उघडी डिस्क. उदयसिंहच्या कोपरापासून वीतभर अंतरावर एक्केचाळीस बायका पडल्या होत्या, आणि त्याला ते माहीत होतं की नव्हतं, हे स्वप्नाला माहीत नव्हतं.

"नमस्कार सर," ती नाथाजींकडं बघत म्हणाली. "साताऱ्याहून आले, अमृतच्या दुकानातून. ती डिस्क चुकून तुमच्याकडं आली ना, ती न्यायला."

सासरा-जावई एक असतील तर इथंच सगळं संपत होतं. नाथाजींनी तिच्याकडं पाहिलं, बॅगेकडं पाहिलं, वळणावरच्या गाडीकडं पाहिलं.

"कसली डिस्क?" उदयसिंह म्हणाला.

"पेन्शनची कागदं हायत. उडाली सगळी," नाथाजी म्हणाले. "तुला काय करायचंय? चहा पी." त्यांनी शांतपणे वायर उपसली, डिस्क रुमालात गुंडाळली आणि तिच्या हातात ठेवली.

फाटकापर्यंत ते सोबत आले. पाठ घराकडं, ओठ फारसे न हलवता बोलले. "दर आठवड्याला येतो. पत्ता लागला का विचारतो. मी न्हाई म्हनून सांगतो. बाई, तुमी तिच्याकडच्या?"

"नकला किती आहेत?" स्वप्नाने विचारलं.

"एक. संगणकात. उद्या घेऊन येतो, तुमीच पुसा."

६

ते आले; संगणक पिशवीत, नवाच्या ठोक्याला.

'दिवली'च्या छोट्या खोलीत ताई आणि स्वप्ना समोर बसल्या. नाथाजींनी सबब सांगितली नाही. ताईंनी दोनदा परत पाठवल्यावर ते केंद्राच्या नावावर इंटरनेटवर नजर ठेवून होते. एक दिवस विकायच्या लॅपटॉपवर अर्धी ज्योत दिसली. डिस्क आणली. फौजेत बिघडलेल्या यंत्रातून संदेश काढायचं काम केलेलं, त्यांना हे अवघड नव्हतं.

"नावं दिसली सगळी, खोटं बोलत न्हाई. पण पान एकच उघडलं. तिचं." ते टेबलाकडं बघत होते. "तिनं ताईंना सांगितलेलं लिहिलं हुतं त्यात. 'वडिलांना कळवू नये. ते परत नेऊन घालतील.' खाली पत्ता. मी पत्ता लिहून घेतला खरा, पन वरची ओळच डोळ्यापुढं राहिली."

"मग कशाला गेलात?" ताईंचा आवाज कडक होता.

"माफी मागायला."

"माफी मागायला पत्ता चोरावा लागतो?" स्वप्ना म्हणाली. "ती लपली होती ती तुमच्यापासूनसुद्धा. तुम्ही दार वाजवलं असतं तर ती दाराआड काय समजली असती?"

नाथाजींनी संगणकाची पिशवी तिच्याकडं सरकवली. पोलिसांसमोर जे झालं ते लिहून द्यायलाही ते स्वतःहून तयार झाले, आणि दिलंही.

त्यांचा संगणक पुसायला अख्खा दिवस गेला. आधी सगळ्या जागेवर नवी, निरर्थक अक्षरं भरायची, मग तपासायचं, मग पुन्हा. जुन्या डिस्कवरही तसाच नांगर फिरवला, आणि तरीही स्वप्नाने ती आयटीआयच्या फिटरच्या वर्कशॉपात नेऊन तिला ड्रिलनं आरपार तीन भोकं पाडली. त्याच आठवड्यात तिनं कागद नव्यानं लिहिला. त्यात जागोजागी खाडाखोड झाली, कारण प्रत्येक ओळ लिहिताना ती वाचणारी बाई तिच्या डोळ्यासमोर होती. विकण्याआधी डिस्क पूर्ण लिहून पुसा. जमत नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा. दुकानात जमा करू नका. दुकानदार भला असला तरी.

संयोगिताताईंनी एक्केचाळीस फोन स्वतः केले. चूक आपली, हे प्रत्येकीला सांगितलं. काही रडल्या, काही वाट्टेल ते बोलल्या. सहा जणींनी खोल्या बदलून मागितल्या. प्रत्येक फोननंतर ताई नावापुढं खूण करत आणि पुढचा नंबर लावत.

प्रांजलला स्वप्ना जाऊन भेटली. वडील काय म्हणाले ते सांगितलं, आपल्याकडून एकही शब्द न घालता.

"मला त्यांची माफी नको," प्रांजल म्हणाली. बराच विचार करून ठेवल्यासारखी. "कोर्टात उदयसिंहचा वकील म्हणतो, मारहाण झालीच नाही, ही आपल्या मर्जीनं निघून गेली. माझ्या बाजूनं बोलायला कुणी नाही. वडिलांनी सगळं डोळ्यांनी बघितलंय. ते येऊन सांगणार असतील तर सांगा म्हणावं. नसतील तर मला पुन्हा शोधू नये."

निरोप ऐकून नाथाजी गेले. चार दिवस काहीच कळलं नाही. भावकी आहे, जावयाचं गावात वजन आहे, म्हातारा कच खाईल, असं ताईंना वाटत होतं. पाचव्या दिवशी नाथाजींनी प्रांजलच्या वकिलांचा पत्ता विचारला.

तारखेला साताऱ्याच्या कोर्टात गर्दी होती. प्रांजल ताईंच्या शेजारी खाली मान घालून बसली होती. पलीकडच्या बाकावर उदयसिंह आणि त्याचे चुलते. नाथाजी साक्षीला उभे राहिले तेव्हा चुलत्यांपैकी एकजण मोठ्यानं खाकरला. नाथाजींनी तिकडं पाहिलं नाही.

"पाडव्याला आली तवा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली होती," ते म्हणाले. "सकाळी मी स्वतः दवाखान्यात नेऊन प्लास्टर घातलं. दुपारी तिला सासरी सोडून आलो. वाटभर ती म्हणत हुती, नको. गाडी मी चालवत हुतो."

टाईप करणाऱ्याची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली. प्रांजलने मान वर केली होती. स्वप्नाला मागच्या बाकावरून तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. त्यावर काय होतं ते तिला सांगता आलं नसतं.

उलटतपासणी पुढच्या तारखेला ठरली. बाहेर जिन्यापाशी नाथाजी एका बाजूला उभे होते, कुणाच्या वाटेत येणार नाही असे. प्रांजल ताईंबरोबर त्यांच्या अंगावरून दोन पायऱ्या उतरली, आणि थांबली. वळली मात्र नाही.

"अठ्ठावीस तारीख आहे," ती म्हणाली. "साडेदहाला. त्यांचा वकील वाकडंतिकडं विचारेल."

"इचारू दे," नाथाजी म्हणाले. "येतो मी."